मॅक्लेन काउंटीत घर घेताय? यूएसडीए, एफएचए की कन्व्हेन्शनल

इलिनॉयमधल्या मॅक्लेन काउंटीतल्या ब्लूमिंग्टन-नॉर्मलला इन्शुरन्स आणि आयटीच्या नोकऱ्यांमुळे मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि शहरात मनासारखं घर बजेटमध्ये बसेना की मंडळी मका-सोयाबीनच्या शेतांमधल्या छोट्या गावांकडे वळतात, हेवर्थ, ली रॉय, लेक्सिंग्टन वगैरे. मग कोणीतरी सांगतं यूएसडीएचं (अमेरिकेच्या कृषी खात्याचं) लोन घे, डाउन पेमेंट शून्य. खरंय ते, पण सगळ्यांसाठी नाही.

आधी इमिग्रेशन स्टेटस बघा, घर नंतर. एच-१बी वर्क व्हिसावर असाल तर यूएसडीए मिळत नाही, सिटिझन किंवा ग्रीन कार्ड वगैरे लागतं. एफएचए (सरकारी विमा असलेलं बँकेचं लोन) पूर्वी एच-१बी वाल्यांना मिळायचं, पण २५ मे २०२५ पासून तेही बंद झालंय, त्यामुळे जुने सल्ले वाचून एफएचएच्या भरवशावर बसू नका, तुमच्यासाठी कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं नेहमीचं लोन, हाच रस्ता. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण लोक घर पसंत करून, ऑफर टाकून मग हे विचारायला जातात आणि नुसता मनस्ताप होतो.

ग्रीन कार्ड असेल तर मग पत्ता, कारण यूएसडीएचं लोन गावाकडच्या भागातल्या घरांसाठीच असतं. ब्लूमिंग्टन (२०२० ला लोकसंख्या ७८ हजारांवर) आणि नॉर्मल (५२ हजारांवर) ही यूएसडीएच्या हिशोबात खेडी नाहीत. वर सांगितलेली छोटी गावं बसण्यातली आहेत, पण शहराला चिकटून नवीन प्लॉट पडलेत तिथे गावाच्या नावावर जाऊ नका, यूएसडीएच्या वेबसाइटवरच्या नकाशात घराचा पूर्ण पत्ता टाकूनच बघा. एफएचए आणि कन्व्हेन्शनलला ही भानगडच नाही, घर कुठेही चालतं.

आता उत्पन्न, आणि आपली बहुतेक कुटुंबं इथेच अडकतात. यूएसडीएच्या गॅरंटीड लोनला (पैसे बँकेचे, हमी सरकारची, आत्तापर्यंत बोललो ते हेच) मर्यादा त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांपर्यंत, १ ते ४ माणसांच्या घराला एक आकडा आणि ५ ते ८ ला त्याहून मोठा. आणि मोजताना घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची कमाई धरतात, लोनवर नाव असो नसो. म्हणजे नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर लोन घेऊ आणि बायकोचा पगार बाजूला ठेवू असं चालत नाही, दोघं आयटीत असाल तर बहुधा बाहेरच पडाल. एक पगार आणि दोन लहान मुलं असतील तर मात्र नक्की विचारा, डे-केअरचा खर्च आणि मुलांसाठीची सूट उत्पन्नातून वजा होते, त्यात काठावरची केस बसू शकते. एफएचएला उत्पन्नाची वरची मर्यादा नाही.

पैशाचं बघू. समजा घर २,५०,००० डॉलरचं. यूएसडीएत डाउन पेमेंट शून्य, सुरुवातीची फी १ टक्का म्हणजे २,५०० (लोनमध्येच टाकता येते), वर वर्षाला ०.३५ टक्के फी, पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ७४ डॉलर. एफएचएत डाउन ३.५ टक्के म्हणजे ८,७५० आधी खिशातून, विम्याचा सुरुवातीचा प्रीमियम १.७५ टक्के म्हणजे सुमारे ४,२२०, आणि बहुतेकांना वर्षाला ०.५५ टक्के, महिन्याला ११० च्या आसपास. १० टक्क्यांपेक्षा कमी डाउन दिलंत तर हा प्रीमियम लोन संपेपर्यंत सुटत नाही. कन्व्हेन्शनलला ५ टक्के डाउन धरलं तर १२,५०० आधी, पण लोन घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की पीएमआय (कमी डाउन दिल्यामुळे भरावा लागणारा खाजगी विमा) काढून घेता येतो, यूएसडीएची वार्षिक फी तशी निघत नाही. म्हणून हाताशी पैसे आणि चांगला क्रेडिट स्कोअर असेल तर मी कन्व्हेन्शनलच म्हणेन. बचत कमी, पगार ठीकठाक आणि स्कोअर ६४० च्या वर असेल तर या छोट्या गावांमध्ये यूएसडीए एफएचएपेक्षा सरळसरळ स्वस्त पडतं. स्कोअर ५८०-६२० असेल तर एफएचएच बघा.

अजून एक प्रकार आहे, यूएसडीएचं डायरेक्ट लोन, बँकेतून नाही तर थेट यूएसडीएच्याच रूरल डेव्हलपमेंट विभागाच्या ऑफिसातून. ते कमी उत्पन्नवाल्यांसाठी, मुदत ३३ वर्षं (काहींना ३८), सबसिडी धरून व्याज १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं, पण घर विकताना त्या सबसिडीतला काही भाग परत द्यावा लागू शकतो, तेव्हा सही करण्याआधी तो कागद नीट वाचा.

यूएसडीएत वेळ जास्त जातो, लेंडरने पास केल्यावर फाइल पुन्हा सरकारी ऑफिसात जाते. ऑक्टोबरात सरकारचं बजेट अडकून शटडाउन झालं तर तिथेच लटकते, त्यामुळे क्लोजिंगची (घर नावावर होण्याची) तारीख ऐसपैस मागा. गावाबाहेर विहीर आणि सेप्टिक टँकवालं घर असेल तर पाण्याची टेस्ट लागते, तीही आधीच करून घ्या. आणि घरासोबत कसायची शेती घ्यायचा विचार असेल तर हे लोन त्यासाठी नाही, शेतीच्या कर्जासाठी यूएसडीएच्याच फार्म सर्व्हिस एजन्सीकडे जावं लागेल.