डिजिलॉकर: पाच वर्षांच्या वापरानंतर

पुतणीच्या प्रवेशासाठी कागदपत्रे जमवत असताना माझ्या फोनमध्ये घरातल्या सहा जणांच्या आधार कार्डांची छायाचित्रे सापडली. ती आजवर कोणाकोणाला पाठवली गेली, याचा माग काढू लागलो, तेव्हा भाड्याचे घर दाखवणारा एक दलाल, सिमकार्ड विकणारा एक दुकानदार, एक सहल कंपनी आणि तीन व्हॉट्सॲप गट एवढी नावे निघाली. त्यांपैकी कोणाकडे त्या प्रती अजून पडून आहेत आणि कोणी त्या पुढे सरकवल्या, हे कळण्याचा काहीही मार्ग माझ्यापाशी नव्हता. सरकारी कागदपत्रे फोनवर ठेवण्याच्या आणि दाखवण्याच्या डिजिलॉकर या सेवेकडे मी कागद ठेवण्याचे कपाट म्हणून पाहत नाही ते यामुळेच. कपाट म्हणून त्याची किंमत फारशी नाही. त्यात मिळते तेवढी एक जीबी जागा आज कोणीही फुकट देते.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची ही सेवा जुलै २०१५ मध्ये औपचारिकरीत्या सुरू झाली. तिच्यात दोन प्रकारची कागदपत्रे असतात आणि बहुतेक गैरसमज त्यांतला फरक न ओळखल्यामुळे होतात. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद हा केवळ आपल्या सोयीसाठी असतो. परीक्षा मंडळ, परिवहन विभाग किंवा आयकर विभाग यांनी जारी केलेला कागद मात्र थेट त्यांच्या नोंदींमधून येतो. लॉकरमध्ये त्याचा दुवा असतो आणि मूळ नोंद जारी करणाऱ्याकडेच राहते. डिजिटल लॉकरबाबतच्या २०१६ च्या नियमांत फेब्रुवारी २०१७ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार या दुसऱ्या प्रकारच्या कागदाला मूळ प्रतीइतकीच मान्यता आहे. वाहतूक पोलिसाला दाखवलेला परवाना ग्राह्य ठरतो तो याच आधारावर. परवान्याचा गॅलरीतला फोटो दाखवला तर ठरत नाही.

एके काळी ‘ट्रू कॉपी’साठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभे राहावे लागे आणि त्याने न पाहता मारलेल्या शिक्क्यावर सारा व्यवहार चाले. आता कागद मागणारी संस्था डिजिलॉकरशी जोडलेली असेल, तर कोण कागद मागत आहे, कोणता आणि कशासाठी, हे पडद्यावर दिसते. आपण संमती दिली की माहिती जारी करणाऱ्याकडून थेट तिच्याकडे जाते. मध्ये कोणी खाडाखोड करू शकत नाही, आणि आपण कोणाला काय दिले, याची नोंद आपल्या खात्यात राहते. माझ्या त्या यादीतल्या दलालाबाबत नेमकी हीच नोंद हवी होती.

मात्र हे सगळे नीट चालते ते ओळख नीट जुळली तरच, आणि मराठी माणसाची गाडी इथे हमखास अडते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे त्याचे एकच अक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि पॅन सासरच्या नावाचे. पॅन किंवा वाहन परवाना मागवताना आधारवरील नाव आणि त्या विभागाकडील नाव यांचा मेळ बसला नाही, तर कागद येत नाही. पहिल्या दोन वेळा याचा मला राग आला. पुढे लक्षात आले, की नावात ढिलाई चालवून घेणारी व्यवस्था उद्या माझा कागद माझ्याच नावाच्या दुसऱ्या माणसाला देऊ शकेल. कडकपणा योग्यच आहे. तक्रार आहे ती एवढीच, की दुरुस्तीसाठी कोणत्या कार्यालयात जायचे, हे नागरिकाने स्वतःच शोधून काढावे लागते.

त्याहून गंभीर प्रश्न मोबाइल क्रमांकाचा आहे. आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी येतो आणि त्यानंतर सहा अंकी पिन द्यावा लागतो. ही व्यवस्था पुरेशी वाटते, पण कित्येक घरांत आई-वडिलांच्या आधारला मुलाचाच क्रमांक जोडलेला असतो. आमच्याकडेही तसेच होते. म्हणजे आईच्या कागदांना संमती कोण देत होते, तर मी. आणि तेही तिला न विचारता, कारण ओटीपी माझ्याच फोनवर यायचा. शिवाय २०२० मध्ये ओटीपीच्या तपासणीला वळसा घालून दुसऱ्याच्या खात्यात शिरता येईल, असा दोष सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिला होता. तो लगेच दुरुस्त झाला, तरी ओळखीचे दार एकच असले, की त्या दाराच्या कडीवर किती भिस्त असते, हे त्यावरून कळते.

उरलेला दोष डिजिलॉकरचा नाही, समोरच्या खिडकीचा आहे. एका कार्यालयात मी फोनवर गुणपत्रिका दाखवली, तेव्हा मला तिची झेरॉक्स काढून आणण्यास सांगण्यात आले. कागदावरचा क्यूआर कोड तपासण्यास तेथे कोणी तयार नव्हते. छापली, की ती पुन्हा कोणाच्याही हाती पडू शकणारी प्रत झाली. वरूनही या बाबतीत धरसोड झालेली आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नये, शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत वापरावी, असे प्रसिद्धीपत्रक काढले आणि दोनच दिवसांत ते मागे घेतले गेले. सल्ला मुळात शहाणपणाचा होता. विशिष्ट हेतूसाठी आवश्यक तेवढीच माहिती मागावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात आहे. ते खिडकीमागच्या लिपिकापर्यंत पोहोचलेले मला अजून दिसलेले नाही.

वाहन परवाना, गुणपत्रिका आणि पारपत्राचा अर्ज यांसाठी मी डिजिलॉकर निःशंकपणे वापरतो. स्वतः चढवलेले कागद मी काढून टाकले आहेत. जिथे संस्था जोडलेली नाही आणि आधारच मागितले जाते, तिथे शेवटचे चार अंक दिसणारी प्रत देतो आणि तिच्यावर तारीख व कारण लिहितो. आधार केंद्रावर एक सकाळ घालवून आईच्या आधारला तिच्या स्वतःच्या फोनचा क्रमांक जोडून घेतला आहे. परवा तिला ओटीपी विचारला, तर तिने आधी कशासाठी हवा, ते विचारले.