लहान उद्योगांसाठी नॅस बॅकअप: पावसाळ्यापासून मार्चअखेरपर्यंतचा वापर आणि मालकांना पटवण्याचा अनुभव

नाशिकमध्ये अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने, शरणपूर रोड परिसरातील करसल्लागारांची कार्यालये आणि पिंपळगाव बसवंतकडील काही द्राक्ष निर्यातदार यांच्या कॉम्प्युटरची देखभाल मी करतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर यांतील काही ग्राहकांकडे बॅकअपची एक ठरावीक व्यवस्था बसवली. तिने पावसाळ्यातील विजेचे खेळ आणि मार्चअखेरची धावपळ असे दोन्ही पाहिले असल्यामुळे आता तिच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

व्यवस्था साधी आहे. कार्यालयात दोन हार्ड डिस्कचा एक नॅस बॉक्स, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेली डेटा साठवण्याची पेटी, असतो आणि तो रात्री स्वतःहून प्रत्येक कॉम्प्युटरवरील ठरलेले फोल्डर ओढून घेतो. त्यावर दर रात्रीचा स्नॅपशॉट राहतो, म्हणजे कालची, परवाची आणि महिन्यापूर्वीची स्थिती वेगवेगळी उघडता येते. दोन बाह्य डिस्क आलटून पालटून वापरल्या जातात आणि त्यांपैकी एक नेहमी मालकांच्या घरी असते. हिशोब, ड्रॉइंग आणि करारपत्रे एवढाच निवडक भाग मुंबईत सर्व्हर असलेल्या क्लाउडवर कुलूपबंद स्वरूपात जातो. एकूण खर्च एका चांगल्या लॅपटॉपच्या किमतीच्या आसपास येतो, क्लाउडचे भाडे वेगळे.

यंत्रणा बसवणे अवघड नाही. अवघड आहे ते मालकांचा होकार मिळवणे. ‘अकाउंटंट दर शनिवारी पेनड्राइव्हवर घेतो’ हे उत्तर मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकले. तो पेनड्राइव्ह बहुधा त्याच कॉम्प्युटरला लावलेला असतो किंवा त्याच टेबलाच्या खणात असतो. खंडणीखोर व्हायरस आला तर जोडलेली प्रत्येक डिस्क तो आपल्या कह्यात घेतो आणि पाणी शिरले तर खणही भिजतो. सराफ बाजार आणि भांडी बाजारातील व्यापाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही, कारण 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमधील गोदावरीचा पूर त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. अंबडला मात्र पूर येत नाही, त्यामुळे तेथे वेगळ्या वाटेने जावे लागते.

भीती दाखवून फारसा उपयोग होत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. सायबर हल्ल्यांच्या बातम्या मालक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतात. याउलट एक प्रश्न हमखास विचार करायला लावतो: ‘शेठ, आज सकाळी हा कॉम्प्युटर चालूच झाला नाही, तर कोणाकडून किती येणे आहे ही यादी कुठून काढाल?’ उधारीचा आकडा मालकांच्या डोक्यात असतो, पण बिलनिहाय तपशील नसतो, आणि तो नसेल तर वसुलीला जाताना हातात काहीच राहत नाही.

त्यानंतर मी बोलत बसत नाही, करून दाखवतो. ग्राहकांच्या परवानगीने टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटा फोल्डरची प्रत रात्री बॉक्सवर घेतो आणि दुसऱ्या दिवशी मालकांसमोर ती शेजारच्या कॉम्प्युटरवर निराळ्या फोल्डरमध्ये परत आणतो. टॅलीत डेटाचा मार्ग बदलून तीच कंपनी उघडली, की मालक स्वतःहून एखाद्या मोठ्या पार्टीचे लेजर मागतात आणि शेवटची नोंद कालच्या तारखेची आहे का ते पाहतात. अंबडमधील एका जॉबवर्कच्या कारखान्यात मालकांनी लेजर पाहून झाल्यावर लगेच विचारले, ‘आणि मशिनचे प्रोग्राम?’ त्या प्रश्नाने आमच्या कामाचे स्वरूप बदलले. अनेक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या सूचनांवर चालणाऱ्या, मशिनच्या कंट्रोलरमध्ये प्रोग्राम आणि पॅरामीटर (मशिनच्या सेटिंग) बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. ती बॅटरी वेळेवर बदलली नाही तर मशिन चालू करताना सर्व काही पुसलेले आढळू शकते. हिशोबाच्या बॅकअपला आढेवेढे घेणारे हेच मालक मशिनच्या पॅरामीटरसाठी त्याच आठवड्यात तयार झाले. आता तेथे प्रत्येक मशिनचे प्रोग्राम आणि पॅरामीटर कार्डवर उतरवून, मशिन क्रमांकाच्या नावाने फोल्डर करून बॉक्सवर ठेवले जातात.

कायद्याचा मुद्दा योग्य ठिकाणीच काढावा. हिशोबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावा, असा बदल ऑगस्ट 2022 मध्ये कंपनी लेखा नियमांत झाला. त्याआधी तेथे ‘ठरावीक कालावधीने’ एवढेच होते. प्रायव्हेट लिमिटेड असलेल्या ग्राहकांना हे लागू आहे आणि ऑडिटरही विचारतात. मालकी किंवा भागीदारीतील व्यवसायांना हा नियम सांगून घाबरवणे मला योग्य वाटत नाही. त्यांना जीएसटीची आठवण पुरते, कारण त्याची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने सांभाळावी लागतात आणि एवढ्या काळात कॉम्प्युटर किमान एकदा तरी बदलला जातो.

मालकांपेक्षाही अकाउंटंटशी आधी बोलावे, हे मी आवर्जून सांगेन. रोजच्या प्रती ठेवणे म्हणजे आपल्यावर पाळत, अशी शंका त्यांना येते आणि मग रात्री टॅली उघडीच राहते, कॉम्प्युटर बंद केला जातो, फोल्डर हलवला जातो आणि प्रत नीट होत नाही. यात दुष्टपणा नसतो, अविश्वासाची सल असते. पहिला रिस्टोअर, म्हणजे प्रत परत आणण्याचे काम, त्यांच्याच हातून करून घेतला की ही सल पुष्कळ कमी होते.

निर्यातदारांचा प्रश्न गुप्ततेचा होता. ‘आमचे भाव क्लाउडवर कोणी पाहिले तर?’ ही शंका रास्त आहे. डेटा कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वीच कुलूपबंद होतो आणि किल्ली फक्त मालकांकडे राहते. परंतु ही किल्ली हरवली तर ती प्रत कोणालाच, सेवा देणाऱ्या कंपनीलासुद्धा, उघडता येत नाही. म्हणून ती कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला सांगतो आणि ठेवल्याचे मालकांकडून ऐकल्याशिवाय क्लाउडचे काम सुरू करत नाही. याच निर्यातदारांना जेएनपीटी या न्हावा शेवा येथील बंदराचे उदाहरण जवळचे वाटते. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्याने मेर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कामकाज ठप्प झाले आणि जेएनपीटीतील तिच्या टर्मिनललाही त्याचा फटका बसला. कंपनीच्या नेटवर्कचा कणा असलेल्या सर्व्हरची एकच प्रत शाबूत राहिली, ती घानामध्ये, आणि तीही तेथील वीज त्या वेळी गेलेली होती म्हणून. जोडलेली नसलेली प्रत वाचते, हे त्यानंतर मला निराळे सांगावे लागत नाही. घरी नेण्याची डिस्क ते विनातक्रार नेतात.

वापरात दिसलेल्या उणिवाही लिहायला हव्यात. पहिली प्रत क्लाउडवर चढायला फार वेळ लागतो: 500 जीबी डेटा 20 एमबीपीएस अपलोडवर अखंड पाठवला तरी सुमारे 55 तास लागतात, आणि आपल्याकडे अखंड काही चालत नाही. म्हणून पहिल्यांदा हिशोब पाठवावा, जुने फोटो आणि स्कॅन मागाहून. कारखान्यातील तेलकट धुळीने बॉक्सचा पंखा लवकर भरतो. शॉपफ्लोअरला लागून असलेल्या केबिनमध्ये तो ठेवूच नये. ‘बॅकअप यशस्वी’ हा रोजचा मेल आठवडाभरात कोणी वाचेनासे होते आणि मग मेल येणे थांबले तरी लक्षात येत नाही. यावर मला मिळालेला खरा उपाय म्हणजे एक साधी वही. तारीख, कोणती फाइल परत आणली, किती मिनिटे लागली आणि कोणी पाहिली, एवढे रकाने. महिन्यातून एकदा फाइल उघडून सही झाली नाही, तर माझ्या दृष्टीने त्या महिन्याचा बॅकअप झालेला नाही. आरसा पद्धतीने चालणाऱ्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप, हा गैरसमजही वारंवार दूर करावा लागतो. एका डिस्कवर पुसलेली फाइल दुसऱ्यावरही त्याच क्षणी पुसली जाते.

मार्चअखेरीस एका कार्यालयात जुना बॅकअप पाहण्यासाठी तो नेहमीच्याच फोल्डरवर परत आणला गेला आणि चालू वर्षाचा डेटा त्याखाली पुसला गेला. रात्रीचा स्नॅपशॉट दुपारपूर्वी जागेवर आला; सकाळपासूनच्या नोंदी तेवढ्या पुन्हा कराव्या लागल्या आणि त्यांचे कागद टेबलावरच होते. शेजारच्या कार्यालयातील मॅडमनी ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावले. त्यांनी किंमत विचारण्यापूर्वी वही दाखवायला सांगितली.

सगळेच तयार होतात असे नाही. काही मालक रिस्टोअर पाहून प्रभावित होतात आणि तरीही पैसे पुढच्या वर्षावर ढकलतात. त्यांच्याकडे मी निदान दोन साध्या डिस्क आणि घरी नेण्याची शिस्त एवढे लावून देतो, ते विनाखर्चाच्या जवळ जाते. सध्याच्या ग्राहकांकडे जूनचा पाऊस सुरू होण्यापूर्वी यूपीएसच्या बॅटऱ्या तपासून घेणार आहे, कारण गेल्या पावसाळ्यात बॉक्स अचानक बंद पडण्याचे प्रसंग जवळजवळ सर्व त्यांच्यामुळेच आले होते.