प्रभागातली हवा मोजायची : सेन्सर की फिल्टर?

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला आणि हवा मर्यादेपेक्षा खराब असलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत कोल्हापूरचं नाव आलं. तेव्हापासून तालीम मंडळांत, शाळांत, अपार्टमेंटच्या बैठकांत एक प्रश्न निघतो. महापालिकेच्या मागे लागायचं तर हातात आकडे हवेत, मग यंत्र कोणतं घ्यायचं? हवेतली धूळ लेसरच्या उजेडात मोजणारा छोटा सेन्सर, की हवा ओढून तिच्यातली धूळ फिल्टर कागदावर धरणारा सॅम्पलर? आमच्या पेठेत सेन्सर लावून झाला, नंतर एका प्रयोगशाळेकडून सॅम्पलर भाड्यानं आणूनही झाला. त्यावरून बनलेलं हे माझं मत. तुमची गरज वेगळी असू शकते.

सेन्सरच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. भिंतीवर लावला, वायफाय जोडलं की दर काही मिनिटांनी मोबाईलवर आकडा येतो. रात्री कोपऱ्यावर कुणी कचरा पेटवला तर आलेखाची रेघ लगेच चढते आणि आरोग्य निरीक्षकाला नेमकी वेळ सांगता येते. फिल्टरला हे जमत नाही. तो कित्येक तासांची मिळून एक सरासरी देतो, तीही प्रयोगशाळेतून यायला वेळ लागतो. दिवाळी ते होळी, हवा कोरडी असते तेव्हा, माझी सेन्सरबद्दल फारशी तक्रार नाही.

पण आपल्याकडे पाऊस चार महिने असतो, आणि माझं मत तिथंच फिरलं. जुलैची झड लागलेली, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली, रस्ते धुऊन निघालेले, आणि मोबाईलवर मात्र लाल पट्टी : हवा वाईट. हा सेन्सर धूळ तोलत नाही. कणावर पडलेला प्रकाश किती विखुरला, त्यावरून तो वजनाचा अंदाज बांधतो. दमट हवेत बारीक कण पाणी धरून फुगतात, मग त्याला धूळ जास्त दिसते. हिवाळ्यात पंचगंगेकाठी पहाटे धुकं असतं तेव्हाही तेच. आर्द्रतेची दुरुस्ती करून आकडा देणारे सेन्सर मिळतात, पण आपल्या पावसात त्यांच्यावरही मी डोळे झाकून विसंबणार नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. वर्षभराचे आलेख घेऊन आम्ही ज्या कार्यालयात गेलो, तिथल्या साहेबांनी नेमका जुलैचा कागद वर काढला. "एवढ्या पावसात एवढी धूळ कुठनं आली हो?" त्या एका प्रश्नात जानेवारीचे आकडेही बाद झाले. जानेवारीत धूळ खरी होती. ऊसाच्या ट्रॉल्या, खोदून तसेच ठेवलेले रस्ते, संध्याकाळी दुकानांच्या फळ्यांवर बसलेला थर आम्ही रोज पाहत होतो. पण सिद्ध करायला हातात काही उरलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

फिल्टरबाबत हा वाद उभाच राहत नाही. कोरा कागद डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या बंद भांड्यात, सुकवून तोलतात. हवा ओढून झाली की पुन्हा सुकवून तोलतात. ओल निघून जाते आणि राहते ती धूळ. शिवाय स्वस्त सेन्सर अगदी बारीक कण बरे पकडतो, पण दहा मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धुळीचा आकडा बराचसा अंदाजानंच देतो. आपल्या रस्त्यांवरची धूळ तर मुख्यतः जाडच. चोवीस तासांसाठी तिची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे, आणि बोलणी त्याच आकड्यावर होतात.

आणि तो कागद समोर ठेवता येतो. वर्दळीच्या रस्त्याकडेचा आमचा कागद मातकट तपकिरी निघाला, कचरा पेटतो त्या जागेजवळचा काळा. रंग म्हणजे काही प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, पण रस्ते झाडायचं यंत्र आधी मागायचं की कचरा जाळणं आधी थांबवायचं, हे ठरवायला आम्हाला त्याची मोठी मदत झाली.

त्रास आहेच. सॅम्पलर जड असतो, रात्रभर घुमतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. वीज गेली की तेवढा वेळ वजा करावा लागतो. विकत घेणं मंडळाच्या आवाक्याबाहेरचं, त्यामुळे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात थोडे थोडे दिवस भाड्यानं आणणं बरं. सेन्सर आधीच घेतला असेल तर टाकून देऊ नका. शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड इथं शासकीय मोजणी होते. परवानगी मिळाली तर यांपैकी एका केंद्राशेजारी तो काही दिवस ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहा.

पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर मी फिल्टरकडे झुकेन. फक्त कोऱ्या कागदाचं वजन, यंत्र चालू-बंद केल्याची वेळ आणि हवेचा प्रवाह वहीत त्याच दिवशी लिहा आणि वापरलेले कागद पाकिटात जपून ठेवा. कार्यालयात पहिली विचारणा त्याचीच होते.