चोरीला गेलेला कळप की बर्फाआधीची खिंड?

फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात (रोल-प्लेइंग गेम) भटक्या मेंढपाळांच्या मोहिमेत खेळाडूंना पहिल्याच सत्रात कामाला लावायचं असेल, तर चोरीला गेलेला कळप सोपा पडतो. रात्रीत 40 मेंढ्या नाहीशा. माग काढायचा तो लेंड्या, खुरांचे ठसे आणि काटेरी झुडपांना अडकलेल्या लोकरीवरून. प्रत्येक टप्प्यावर किमान तीन खुणा ठेवा. एकच ठेवली आणि फासा उलटा पडला, की खेळ तिथेच अडतो. चोर दुष्काळात जनावरं गमावलेला शेजारचा तांडा असू द्या.

बर्फ पडायच्या आत कळपासह खिंड ओलांडणं मात्र जास्त कसदार, आणि माझी पसंती त्यालाच. जादू अगदी थोडी: खिंडीतल्या उभ्या दगडापुढे मीठ ठेवलं नाही, तर कुत्री पाऊल पुढे टाकत नाहीत. बाकी सगळी भीती हवामानाची. चरत चालणारा कळप दिवसाला साधारण 10 ते 15 किलोमीटर जातो, म्हणजे 80 किलोमीटरला सहा ते आठ दिवस. रोज चारा, पाणी आणि थकलेली जनावरं एवढंच मोजा, तेही दहा-दहाच्या गटांत. एकेक मेंढी मोजत बसलात तर सत्र हिशेबातच संपतं. दिवसाला अडचण एकच: लंगडणारी म्होरकी मेंढी, अवेळी व्यालेली शेळी, किंवा कुरण अडवून बसलेलं गाव.