ठिबक आणि खतांच्या माहितीपत्रकांसाठी व्यावसायिक संपादिका: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतून आम्ही ठिबक सिंचनाचे संच आणि विद्राव्य खते काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि पलीकडे वरुड-मोर्शीपर्यंतच्या विक्रेत्यांना पुरवतो. गेल्या मृगापासून आमचा सर्व छापील मजकूर, म्हणजे माहितीपत्रके, पिशव्यांवरील वापराच्या सूचना, हमीपत्रे आणि वर्तमानपत्रांत द्यायच्या जाहीर सूचना, छापखान्यात जाण्यापूर्वी एका व्यावसायिक संपादिकेच्या हातून जातो. त्यांनी अनेक वर्षे एका दैनिकाच्या मुद्रितशोधन विभागात काम केले असून आता त्या स्वतंत्रपणे हे काम करतात. खरीप, संत्र्याचा मृग बहार (पावसाळ्यातील फुलोरा), रब्बी आणि आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) तयारी एवढा काळ ही सेवा वापरून झाल्यावर तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्यासारख्या मध्यम आकाराच्या व्यवसायांत हा खर्च अजूनही अनाठायी समजला जातो.

मजकूर पाठवल्यावर आमच्याकडे दोन गोष्टी परत येतात. एक म्हणजे दुरुस्त केलेली प्रत आणि दुसरे म्हणजे शंकांचे पान. दुरुस्त प्रतीत ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, वाक्यरचना, संक्षेपांची एकवाक्यता हे सारे असते. शंकांच्या पानावर मात्र ज्या गोष्टी संपादिकेने स्वतःच्या अधिकारात बदललेल्या नाहीत, परंतु ज्यांचे उत्तर मिळाल्याशिवाय मजकूर छापू नये असे त्यांना वाटते, त्या पान आणि ओळ देऊन विचारलेल्या असतात. या सेवेत सर्वांत मोलाचे काय, असे मला कोणी विचारले तर मी या पानाकडेच बोट दाखवीन.

संत्रा बागायतदारांसाठीच्या वेळापत्रकाचे उदाहरण देतो. डिंक्या रोगाच्या नियंत्रणासाठी बोर्डो मिश्रण फवारायचे असते आणि खोडाला बोर्डो मलम लावायचे असते. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. मलमासाठी मोरचूद आणि चुना तेवढाच, पण पाणी १० लिटर लागते. पानाची मांडणी करताना दोन्ही चौकटी शेजारी शेजारी आल्या आणि डीटीपीवर, म्हणजे संगणकीय अक्षरजुळणीत, मिश्रणाच्या चौकटीतही १० लिटर असा आकडा बसला. संपादिका कृषिशास्त्राच्या जाणकार नाहीत आणि तसा त्यांचा दावाही नाही. त्यांनी एवढेच लिहिले की, वरच्या परिच्छेदात ‘एक टक्का’ म्हटले आहे, परंतु एक किलोला दहा लिटर हे प्रमाण दहा टक्के होते, तेव्हा दोहोंपैकी बरोबर कोणते ते कळवावे. ते पत्रक तसेच गेले असते तर दहापट तीव्र द्रावण कोवळ्या नवतीवर पडले असते. ‘लिटर’ शुद्ध आहे, ‘१०’ हा आकडाही शुद्ध आहे, त्यामुळे शब्द तपासणाऱ्या कोणत्याही यंत्रणेला तेथे आक्षेप घेण्यासारखे काहीच सापडत नाही. मजकूर मजकुराशी ताडून पाहणारा वाचकच तेथे थांबतो.

दुसरे उदाहरण वाक्यरचनेचे आहे. मसुद्यात असे वाक्य होते: ‘कॅल्शियम नायट्रेट व फॉस्फेटयुक्त खते एकत्र करून सकाळी ठिबकमधून देऊ नयेत.’ शंकांच्या पानावर प्रश्न आला की यातील मनाई नेमकी कशाला आहे, एकत्र करण्याला, सकाळच्या वेळेला की ठिबकमधून देण्याला? आमच्या कृषी सल्लागारांना ते वाक्य स्वयंस्पष्ट वाटत होते, कारण त्यामागचे रसायन त्यांना ठाऊक आहे. ते ठाऊक नसलेला शेतकरी मात्र तेच वाक्य वाचून संध्याकाळी दोन्ही खते एका टाकीत ओतू शकतो आणि त्याला दोष देता येणार नाही. आता पिशवीवर असे छापले जाते: ‘कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटयुक्त खत एकाच टाकीत मिसळू नये. मिसळल्यास साका तयार होऊन ड्रिपर बंद पडतात. दोन्ही खते वेगवेगळ्या दिवशी द्यावीत.’ वाक्ये तीन झाली आणि जागा थोडी जास्त लागली, परंतु कारण कळल्यामुळे सूचना पाळली जाते, असा आमच्या विक्रेत्यांचा अनुभव आहे.

हमीपत्राच्या बाबतीत तर संपादनाने व्यवसायाचा निर्णयच पुढे आणला. ‘खरेदीपासून’ असा शब्द होता आणि संपादिकेने विचारले की बिलाच्या तारखेपासून की संच शेतात बसवल्याच्या तारखेपासून. आमच्या भागात पुष्कळ शेतकरी दिवाळीच्या सुमारास संच घेऊन ठेवतात आणि उन्हाळ्यात बसवतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही. भागीदारांच्या बैठकीत त्यावर चर्चा झाली, बिलाची तारीख ठरली आणि तसे ठळक अक्षरात छापले गेले. विक्रेत्याच्या काउंटरवर होणारी हुज्जत त्यानंतर बरीच कमी झाली आहे. नफ्या-तोट्याच्या भाषेत बोलायचे तर या एका शंकेची किंमत मी या सेवेवर आजवर केलेल्या खर्चापेक्षा अधिक धरतो.

मराठी मजकुराच्या काही अडचणी खास आपल्या आहेत आणि त्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. आमचा जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठवलेला होता. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करताना ‘शेतकऱ्यांनी’ या शब्दातील अर्धा ऱ् नाहीसा होऊन सर्वत्र ‘शेतकर्यांनी’ झाले, काही ठिकाणी वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या आणि चिलेटेड झिंकच्या मात्रेतील ‘०.५ ग्रॅम’मधले दशांशचिन्ह पुसले गेले. यातील पहिल्या दोन गोष्टींनी कंपनीची अब्रू जाते. तिसरीने पीक जाऊ शकते. शिवाय मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्यामुळे एकाच नामाची इतकी रूपे होतात की संगणकावरील शब्दतपासणी बरोबर शब्दांखाली लाल रेघ ओढते आणि चुकीचे शब्द सोडून देते. काही दिवसांनी कार्यालयातील कोणीही त्या लाल रेघांकडे पाहत नाही, आणि मग ती सोय असून नसल्यासारखी होते.

लेखन-सॉफ्टवेअरचा उपयोग आम्ही बंद केलेला नाही. नव्या पद्धतीच्या साधनांनी कच्चा मसुदा झटपट नीटनेटका होतो आणि रोजच्या व्हॉट्सॲप संदेशांसाठी तेवढे पुरते. अडचण अशी की अशा साधनातून आलेला मजकूर इतका सफाईदार असतो की त्यातील चूकही खात्रीची वाटते. आमच्या अनुभवात त्याने कधी ‘हे आपल्याला नक्की म्हणायचे आहे का?’ असे आपणहून विचारले नाही. संदिग्ध वाक्य मिळाले की त्यातील एक अर्थ गृहीत धरून तो गुळगुळीत केला. संपादिका जेथे अर्थ दोन होतात तेथे काम थांबवतात आणि फोन करतात. पिशवीवर आमचे नाव छापलेले असते, तेव्हा अर्थ कोणता हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडेच राहिला पाहिजे असे मला ठामपणे वाटते.

पुरवठादाराकडून इंग्रजीत येणारी पत्रके मराठीत करून घेतानाही हीच गोष्ट लागू पडते. भाषांतर सेवांसाठीच्या आयएसओ १७१०० या २०१५ च्या मानकात भाषांतरकाराखेरीज दुसऱ्या व्यक्तीने मजकूर मुळाशी ताडून पाहणे आवश्यक मानले आहे, आणि त्यामागचे कारण आम्हाला एकरामुळे समजले. मूळ पत्रकातील शिफारस हेक्टरी होती, आपला शेतकरी हिशेब एकराने करतो आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. भाषांतरात काही ओळी हेक्टरी आणि काही ओळी एकरी झाल्या होत्या. संपादिकेने सगळ्या मात्रा एकरी करून घेण्याची सूचना केली आणि प्रत्येक आकडा आमच्या कृषी सल्लागारांकडून सहीनिशी तपासून घेण्याचा आग्रह धरला.

जाहीर सूचनांच्या बाबतीत त्यांची शिस्त सुरुवातीला आम्हाला जाचक वाटली होती. एका विक्रेत्याशी असलेला करार संपल्याची सूचना वर्तमानपत्रात द्यायची होती आणि त्याच तालुक्यात जवळजवळ त्याच नावाचे दुसरे दुकान आमचा माल विकते. संपादिकेने नाव, गाव आणि जीएसटी क्रमांक तिन्ही कागदोपत्री पाहिल्याखेरीज मजकूर सोडला नाही. अशा ठिकाणी एका अक्षराने काय होते याचे ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. २००९ साली तेथील कंपनी निबंधक कार्यालयाने ‘टेलर अँड सन’ या कंपनीऐवजी कार्डिफच्या ‘टेलर अँड सन्स’ या जुन्या अभियांत्रिकी कंपनीच्या नावापुढे दिवाळखोरीची नोंद केली. चूक काही दिवसांत दुरुस्त झाली, पण तोपर्यंत बातमी पसरली होती, पुरवठादारांनी उधारी थांबवली, कंपनी बुडाली आणि दोनशेहून अधिक लोकांची नोकरी गेली. २०१५ साली उच्च न्यायालयाने निबंधक कार्यालयाला जबाबदार धरले, परंतु निकालाने कंपनी परत उभी राहिली नाही. आपल्या सूचनेत दुसऱ्या विक्रेत्याचे नाव गेले असते तर त्याच्या दुकानावर काय परिणाम झाला असता, हे सांगायला नको.

जाहिरातींतील अतिशयोक्तीलाही त्यांनी लगाम घातला. ‘हमखास दुप्पट उत्पन्न’ असे शब्द विक्री विभागाला फार प्रिय असतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे संपादिकेने समासात लिहून पाठवले आणि त्याऐवजी शेतकऱ्याला प्रत्यक्ष उपयोगी पडेल अशी माहिती देण्याचे सुचवले. विक्री विभागाची नाराजी झाली, पण मला स्वतःला तो बदल मनापासून पटला.

शुद्धलेखनाच्या बाबतीत त्या काटेकोर आहेत, परंतु हटवादी नाहीत. राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर हा त्यांच्या कामाचा पाया आहे. त्याच वेळी शेतकामाचे विदर्भात रूढ असलेले शब्द त्या जसेच्या तसे ठेवतात. डवरणीच्या (उभ्या पिकातील आंतरमशागतीच्या) जागी दुसरा शब्द घालण्याचा आग्रह त्यांनी कधी धरला नाही. पहिल्या काही कामांनंतर त्यांनी आमच्यासाठी एक शैलीपत्रक तयार करून दिले. त्यात एककांची रूपे, खतांच्या श्रेणी (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) लिहिण्याची पद्धत, आकडे देवनागरीत कोठे आणि इंग्रजी पद्धतीने कोठे, शेतकऱ्याला ‘आपण’ म्हणायचे की ‘तुम्ही’, असे सारे ठरलेले आहे. १३:०:४५ आणि १३:४०:१३ या दोन वेगळ्या श्रेणी घाईत एकमेकींच्या जागी पडू नयेत म्हणून श्रेणीबरोबर खताचे नावही लिहायचे, हा नियम त्यातलाच. नव्याने आलेला कर्मचारीसुद्धा आता या पत्रकावरून बराच स्वच्छ मसुदा तयार करतो, आणि त्यामुळे संपादनाचे बिलही उतरले आहे.

उणिवाही आहेत. हंगामाच्या तोंडावर सर्वांचेच काम एकदम येते आणि त्या रातोरात काम करून देण्यास नकार देतात. त्यामुळे आम्हाला छपाईचे वेळापत्रक आधीच आखावे लागले. दर शब्दांवर असून एकदम कच्च्या मजकुराला तो जास्त लागतो. तांत्रिक माहितीच्या खरेपणाची हमी त्या देत नाहीत आणि ती अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होईल. आणखी एक गोष्ट अशी की केवळ पहिले प्रूफ तपासून घेतल्याने भागत नाही. डीटीपीवर एक ओळ दुरुस्त करताना खालची ओळ पुढच्या चौकटीत सरकते, म्हणून दुसऱ्या प्रुफाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. ते वाचवण्याचा मोह होतो, परंतु तेथे हात आखडता घेऊ नये. प्लेट तयार झाल्यावर किंवा छापलेल्या पिशव्या गोदामात आल्यावर निघालेली चूक या शुल्काच्या कितीतरी पट महाग पडते.

नागपुरात अशी माणसे मिळणे अवघड नाही. शंभराहून अधिक वर्षे वृत्तपत्रे चालवणारे आणि विदर्भ साहित्य संघासारखी संस्था असलेले हे शहर आहे. दैनिकांत, छापखान्यांत आणि प्रकाशनांत प्रुफे वाचण्यात आयुष्य गेलेले लोक येथे आहेत. निवड करताना आम्ही दोन जणांना आमचेच एक पान शुल्क देऊन तपासायला दिले होते. एकाने दुरुस्त्या अधिक केल्या आणि प्रश्न एकही विचारला नाही. दुसऱ्या संपादिकेने दुरुस्त्या कमी केल्या आणि प्रश्न पुष्कळ विचारले. काम त्यांच्याकडे गेले.

ही सेवा घेऊ इच्छिणाऱ्या व्यावसायिकांना एवढे सुचवीन की मजकुराबरोबर तो कोण वाचणार आहे, कोठे छापला जाणार आहे आणि आकड्यांचा मूळ आधार कोणता आहे, हे एका कागदावर लिहून द्यावे, शंकांना उत्तर देणारी एकच व्यक्ती कार्यालयात नेमावी आणि छापखान्याला अंतिम मान्यता त्या व्यक्तीच्या सहीशिवाय देऊ नये. आमच्याकडे ही सही आता कृषी सल्लागारांची असते आणि आंबिया बहाराच्या पत्रकाचे दुसरे प्रूफ सध्या त्यांच्या टेबलावर आहे.