शेवटचे चार आठवडे: जड मारत राहायचं की हात आखडता घ्यायचा?

बेंच प्रेसच्या (बाकावर पाठ टेकून बार छातीवरून वर ढकलायचा) स्पर्धेचा फॉर्म भरून झालाय, चार आठवडे उरलेत आणि जिममधले दोन जण दोन उलट सल्ले देतायत. एक म्हणतो शेवटच्या आठवड्यापर्यंत जड मार, वजनाची सवय सुटता कामा नये. दुसरा म्हणतो तीन आठवडे आधीच कमी कर, ताकद बनायची ती बनून झाली, आता फक्त थकवा उतरवायचा. दोघंही बेंच प्रेसच्या स्पर्धा खेळलेले, दोघांचंही आपापल्यापुरतं जमलेलं, त्यामुळे वाद काही मिटत नाही. मी दोन्ही करून बघितलंय आणि एकदा दोन्हीची भेसळ करून तोंडावर आपटलोय, ते पण सांगतो पुढे.

आधी एवढं डोक्यात घ्या की चार आठवड्यात नवीन ताकद फारशी येत नसते. जी आहे ती थकव्याखाली दबलेली असते, तो उतरला की ती वर येते. पण थकवा उतरवायच्या नादात बार हातात घ्यायचंच सोडलं तर तोच बार परका वाटायला लागतो. सगळी मारामारी या दोन टोकांच्या मधे आहे.

उदाहरणासाठी असा माणूस धरू ज्याचा छातीवर नीट थांबवून मारलेला बेस्ट ११० किलो आहे, आणि स्पर्धा रविवारी.

पहिला रस्ता, शेवटपर्यंत जड. चार आठवडे आधी ९७.५ चे दोन रिप (सलग दोनदा उचलायचं), मग ८२.५ वर पाच-पाचचे तीन सेट. पुढच्या आठवड्यात १०२.५ चा सिंगल (एकच रिप), मागचे म्हणजे त्यानंतरचे हलके सेट दोनवर. मग स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी १०५ चा एक सिंगल, तोही असा की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे अजून एक गेला असता. त्यानंतर जड काही नाही, शेवटच्या आठवड्यात सोमवारी किंवा मंगळवारी ८७.५ चे दोन-तीन सिंगल आणि गुरुवारी ६५ वर थोडे रिप, नाही केले तरी चालतं. यात वजन जवळजवळ शेवटपर्यंत वर राहतं, सेट मात्र आठवड्यागणिक गळत जातात. हे सेट गळणं लोक विसरतात, सिंगल पण वाढवतात आणि मागचे पाच-पाचचे सेट पण तसेच ठेवतात, वरून डिप्स आणि शोल्डर प्रेस चालूच, आणि मग म्हणतात जड मारायची पद्धत आपल्याला सूट होत नाही.

फायदा सरळ आहे, स्पर्धेत ओपनर (तीन प्रयत्नांतल्या पहिल्याचं वजन) हातात येतो तेव्हा गेल्याच आठवड्यात त्याहून जास्त हातात घेतलेलं असतं. भीती नसते. शिवाय बेंच ही स्क्वॉट-डेडलिफ्टच्या मानाने लवकर भरून येणारी लिफ्ट आहे, डेडलिफ्टचा जड दिवस अंगात दोन आठवडे रेंगाळू शकतो तसं इथे सहसा होत नाही, म्हणून शेवटचा जड बेंच इतका जवळ ठेवता येतो. तोटा म्हणजे चुकायला जागा नाही. दहा दिवस उरलेले असताना एक रिप अडकला, खांद्यात काही खेचलं, तर सावरायला वेळ कुठे आहे?

दुसरा रस्ता, लवकर हलकं. १०५ चा सिंगल साधारण तीन आठवडे आधीच मारून मोकळं व्हायचं. मग सेट थेट निम्मे. पुढचे दोन आठवडे ९२.५ चे दोन-तीन सिंगल, पॉज घेऊन (बार छातीवर थांबवून), आणि शेवटच्या आठवड्यात ८२.५ वर दोन-दोनचे दोन सेट. कोपर, मनगट, खांदा सगळं शांत होतं, झोप सुधारते, बार वेगाने जायला लागतो.

पण या रस्त्यावरचा खड्डा वेगळा आहे. लोक सेट कमी करतात आणि वजनही पार खाली आणतात, १५ दिवस ७० किलोच्या वर जात नाहीत, आणि स्पर्धेत १०० हातात आलं की वाटतं कोणीतरी जास्तीच्या प्लेटा लावल्यात. कमी करायचे ते सेट, वजन नाही, किंवा अगदी थोडंच. टेपरवर (स्पर्धेआधी सराव कमी करत नेणं) झालेल्या अभ्यासांचा सूरही साधारण हाच आहे, की एकूण काम बरंच कमी करा पण तीव्रता टिकवा. आणि शेवटचा पूर्ण आठवडा जिमला सुट्टी हा प्रकार मला कधीच पटला नाही, दोन-तीन दिवस ठीक आहे, सात दिवसांत हालचालच गंजते.

दुसऱ्या रस्त्याचा अजून एक त्रास, जो कोणी सांगत नाही. तुम्हाला फ्रेश वाटायला लागतं. आणि फ्रेश वाटलं की हात शिवशिवतात. माझं हेच झालं. हलका प्लॅन चालू होता, दहा दिवस उरले होते, वॉर्मअप पिसासारखा गेला, म्हटलं एकदा बघू तरी, ११२.५ लावलं, गेलं. तिथे थांबायचं की नाही? चार दिवसांनी ११५ लावलं, अर्ध्यात अडकलं, स्पॉटरने उचललं, आणि पुढचे सहा दिवस डोक्यात तेच. स्पर्धेत दुसरा १०७.५ कसाबसा गेला, तिसरा ११२.५ छातीवरून हलला आणि तिथेच मेला. दहा दिवसांपूर्वी गेलेलं वजन! ताकद जिममध्ये खर्च करून मी स्पर्धेला गेलो होतो.

मग निवडायचं कसं? आठवड्यातून तीन-चार वेळा बेंच करायची सवय असेल तर पहिला रस्ता, कारण अशा लोकांना थोडी गॅप पडली तरी लय बिघडल्यासारखं वाटतं. आठवड्यातून एकदा-दोनदा करत असाल, वजन खूप मोठं मारत असाल, किंवा खांदा-कोपर आधीच कुरकुरत असेल तर दुसरा. १८० मारणाऱ्याचा ९५ टक्के आणि ८० मारणाऱ्याचा ९५ टक्के शरीराला सारखाच पडत नाही, मोठा आकडा जास्त दिवस मागतो, त्यामुळे जिममधल्या सगळ्यात तगड्या माणसाचा प्लॅन जसाच्या तसा उचलू नका. कामाचे तास, परीक्षा, रात्रीची ड्युटी असलं काही स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यातच येत असेल तरी दुसराच.

पहिलीच स्पर्धा असेल तर माझं मत पहिल्या रस्त्याकडे झुकतं, पण सौम्य करून, म्हणजे शेवटचा जड सिंगल दहा-बारा दिवस आधी आणि तो ओपनरपेक्षा जेमतेम अडीच किलो जास्त. नवख्याचा प्रॉब्लेम थकवा नसतोच बहुतेक वेळा, रेफरीच्या कमांडचा असतो.

कमांडवर जरा थांबतो. आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशन) नियमांत बेंचला तीन कमांड आहेत: स्टार्ट, प्रेस, रॅक. हात सरळ करून बार स्थिर धरल्यावर स्टार्ट, बार छातीवर येऊन पूर्ण थांबल्यावर प्रेस, वर लॉक होऊन थांबल्यावर रॅक. यातली एक जरी चुकवली तरी वजन कितीही आरामात गेलं असलं तरी लाल दिवे, म्हणजे लिफ्ट बाद. डोकं, खांदे, पुठ्ठे बेंचला चिकटलेले हवेत, पाय सपाट जमिनीवर. काही फेडरेशनमध्ये डोकं किंवा टाच उचललेली चालते, म्हणून आपल्या फेडरेशनचं नियमपुस्तक आजच वाचा, आदल्या रात्री नको. ग्रिप दोन्ही तर्जनींच्या मधे जास्तीत जास्त ८१ सेंमी, बारवरच्या रिंगा तिथेच असतात. आणि २०२३ पासून कोपराच्या खोलीचा नियम आलाय, खाली आल्यावर दोन्ही कोपरांचा खालचा भाग खांद्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याच्या खाली गेला पाहिजे. मोठा आर्च (पाठीची कमान) आणि एकदम रुंद ग्रिप असलेल्यांनी बाजूने व्हिडिओ काढून हे तपासावंच. पण ग्रिप बदलायची असेल तर चार आठवडे आधी आत्ताच, दोन आठवडे आधी नाही. जिममधला टच अँड गोचा (बार छातीला टेकवून न थांबता मारलेला) बेस्ट धरून प्लॅन करत असाल तर तो आकडा विसरा, पॉजचा आकडा काढा, बहुतेकांचा काही किलो कमीच निघतो आणि बरेच जण तेव्हा नाराज होतात, होऊ द्या. रस्ता कोणताही निवडा, या चार आठवड्यातला प्रत्येक सिंगल कोणालातरी कमांड द्यायला लावूनच मारा, आणि प्रेस म्हणायला त्याला मुद्दाम कधी उशीर करायला सांगा.

वजनगट. इथे पण दोन पर्याय असतात, अंगाचं वजन कापायचं (उतरवायचं) की जसं आहे तसं जायचं. आयपीएफ पद्धतीत वे-इन (खेळाडूंचं वजन घेणं) स्पर्धेच्या २ तास आधी सुरू होतो, म्हणजे पाणी तोडून उतरलात तर भरून काढायला वेळच नाही, आणि बेंचवाल्याला अंग सुकल्याचा फटका चांगलाच बसतो, छाती-पाठ बारीक झाली की बारचा प्रवासही लांबतो. वे-इन आदल्या दिवशी असलेल्या फेडरेशनमध्ये गणित वेगळं आहे, तिथे अनुभवी लोक जास्त कापतात. पहिल्या स्पर्धेला माझं उत्तर एकच, कापू नका. ८४ वर असाल आणि ८३ चा गट हवा असेल तर महिनाभर खाण्यात थोडं मागेपुढे करून एक किलो आपोआप जातं. ८७ वर असाल तर ९३ मध्ये खेळा, पदक नाही मिळणार, नको मिळू दे.

ओपनरबद्दल लोक उगाच विचार करतात. ज्याचे तीन रिप पॉज घेऊन वाईट दिवशीही निघतात ते वजन, बस. आपल्या ११० वाल्यासाठी १००, दुसरा १०५ किंवा १०७.५, तिसरा दिवस बघून. जाहीर केलेलं वजन नंतर खाली आणता येत नाही, फक्त पहिली फेरी सुरू व्हायच्या ३ मिनिटं आधीपर्यंत ओपनर बदलायची सोय असते. तिन्ही प्रयत्न फसले तर बॉम्ब आउट, नावासमोर काहीच नाही. लिफ्ट झाल्यावर पुढचा आकडा द्यायला १ मिनिट मिळतं, नाही दिला तर यशस्वी लिफ्टवर अडीच किलो आपोआप वाढतात, म्हणून दोन-तीन शक्यता कागदावर आधीच लिहून सोबतच्या माणसाच्या हातात द्या, तुमचं डोकं तेव्हा चालणार नाही.

आणि एक बारीकशी गोष्ट जी दोन्ही रस्त्यांवर सारखीच लागू आहे. वे-इनला ओपनरसोबत रॅकची उंचीही विचारतात, आणि बार काढून द्यायला तिथले स्पॉटर असतात, तुमचा जिममधला मित्र नाही. चार आठवडे उरलेले असल्यापासूनच दरवेळी वेगळ्या माणसाकडून बार काढून घ्या. माझ्या दुसऱ्या स्पर्धेत स्पॉटरने बार असा ओढून दिला की खांद्यांची सगळी सेटिंग उडाली, मी तसाच मारला, गेला, पण ते १०० किलो मला अजून आठवतात.