खुडूक कोंबडी: रवणीला बसवायची की खुडूक मोडायची?

आमच्या परड्यात गेल्या वर्षी दोन कोंबड्या खुडूक झाल्या, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसल्या. तांबडी मार्गशीर्षात, ठिपकी ऐन वैशाखात. दोघीही गावरान, एकाच खुराड्यातल्या. तांबडीला मी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवलं, ठिपकीची खुडूक मोडली, म्हणजे तिची बसायची ओढ घालवली, आणि दोन्ही निर्णय मला आजही बरोबर वाटतात. तुमच्या कोंबडीचं काय करायचं हे ठरवताना म्हणून आधी ऋतू बघा, मग अंडी बघा.

त्याआधी ती खरंच खुडूक आहे का याची खात्री करा. पिसं फुलवून बसते, हात घातला की टोचते, खुडखुड आवाज काढते, छातीची पिसं उपटते, ही लक्षणं असतातच. पण खरी परीक्षा रात्री. बाकीच्या दांडीवर चढल्या आणि ही अंड्याच्या पाटीतच राहिली, असं दोन रात्री झालं की समजावं.

रवणीला बसवायचं तर घरात कोंबडा हवा. शहरात बंगल्याच्या आवारात नुसत्या कोंबड्या पाळणारे हे विसरतात आणि बिचारी तीन आठवडे फळ नसलेल्या अंड्यांवर बसून राहते. अंडी आठवड्याच्या आतली, सावलीत गार जागी ठेवलेली घ्यावीत. मध्यम अंगाच्या कोंबडीला दहा-बारा पुरतात. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. सगळी एकाच दिवशी संध्याकाळी ठेवा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच पाटीत अंडी घालून जातात. सातव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं. जे अंडं तोवर स्वच्छ दिसेल ते काढून टाका. 21 व्या दिवशी पिल्लं निघतात. तोवर ती दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटं उठते, म्हणून दाणा-पाणी पाटीजवळच असू द्या. तांबडीच्या पाटीत मी राख आणि कडुलिंबाचा पाला घातला होता. पिसवांनी हैराण झालेली कोंबडी रवण अर्धी टाकते.

याची किंमतही आहे. उबवण्याचे तीन आठवडे आणि पिल्लं सांभाळण्याचे दीड-दोन महिने धरले तर जवळजवळ तीन महिने तिच्याकडून अंडं नाही. पिल्लांतले निम्मे साधारण कोंबडे निघणार, त्यांचं काय करायचं हे आधी ठरवा. घार, मांजर, मुंगूस यांचा वाटा वेगळा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्याच आठवड्यात द्यावी लागते, पण लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते आणि एकदा कालवली की ठेवता येत नाही. आम्ही शेजारच्या दोन घरांशी तारीख जुळवून घेतो.

ठिपकीच्या वेळी बाहेर 40 अंशांची उन्हं होती. अशा उष्म्यात साठवलेली अंडी लवकर बिघडतात आणि पत्र्याखाली बसलेली कोंबडी स्वतःच धापा टाकते. खुडूक मोडायची म्हणजे तिच्या छाती-पोटाला ऊब मिळू द्यायची नाही. जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उंच ठेवायचा, खालून वारा लागला पाहिजे, आत गवत-तूस काही नाही, दाणा-पाणी मात्र भरपूर, आणि पिंजरा सावलीत. ठिपकी चौथ्या दिवशी सोडली तर सरळ उकिरड्यावर चरायला गेली. दोन आठवड्यांनी पुन्हा अंड्यावर आली. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत केलं तरच इतकं सोपं जातं. आठवडाभर बसू दिलेली कोंबडी मोडायला जास्त दिवस घेते. आणि गावरान असेल तर पुढची दहा-पंधरा अंडी झाली की पुन्हा खुडूक होण्याची तयारी ठेवा.

नाकात पीस खुपसणं, पाण्याच्या बादलीत बुडवणं, पाय बांधून टांगणं हे कृपा करून करू नका. मुक्या जीवाचे हाल होतात, आणि पिंजऱ्याने काम होत असताना त्याची गरजच नाही. तितकंच वाईट म्हणजे काहीच न ठरवणं. रिकाम्या पाटीवर ती 21 दिवस झाले म्हणून उठत नाही. पुढेही बसून राहते, वाळते, तुरा फिका पडतो.

कोंबडा नाही, पण पिल्लं हवी आहेत, अशांसाठी मधला मार्ग आहे. तिच्याखाली दोन-तीन खोटी अंडी ठेवून तिला दोनेक आठवडे बसू द्यावं, मग हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आणून अंधार पडल्यावर एकेक करून पंखाखाली सरकवावीत आणि अंडी काढून घ्यावीत. उजाडायच्या आत जाऊन बघायचं. बहुतेक कोंबड्या स्वीकारतात, पण एखादी टोचते, म्हणून बल्ब लावलेलं खोकं आदल्या दिवशीच तयार ठेवावं.